'स्क्रेपा' : एका शब्दामागची पार्श्वभूमी

रशियाबद्दल हल्ली काहीही वाचायला घ्या, 'पारंपरिक मूल्यं' हा शब्द येतोच, आणि तो तिथे शेकडो वर्षं चालत आलाय असं वाटायला लागतं, पण सरकारी कागदावरचा त्याचा आजचा अर्थ २०१२ नंतरचाच आहे.

सोव्हिएत काळ सगळ्यांना माहीत आहे, तो सोडते. १९९२ च्या जानेवारीत सरकारने भावांवरचं नियंत्रण काढलं, वर्षभरात महागाई २५०० टक्क्यांच्या आसपास गेली, म्हाताऱ्यांनी जन्मभर साठवलेल्या पैशात धड महिन्याचा किराणाही येईना, पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९९४ पर्यंत ५८ च्या खाली आलं. हे ज्यांनी सोसलं त्यांचा भरवसा उरला तो घरच्यांवर, दोन-चार जुन्या मित्रांवर आणि डाचामागच्या (डाचा म्हणजे शहराबाहेरचं छोटं घर) बटाट्यांवर. १९९६ मध्ये नवीन 'राष्ट्रीय विचार' शोधायचं फर्मान निघालं, पेपरात स्पर्धासुद्धा घेतली, हाती काही लागलं नाही.

आता मुख्य शब्द. डिसेंबर २०१२ च्या वार्षिक भाषणात राष्ट्राध्यक्ष पुतिन म्हणाले की समाजात 'आध्यात्मिक स्क्रेपां'ची कमतरता आहे. स्क्रेपा म्हणजे दोन तुकडे घट्ट धरून ठेवणारी पकड, कागदाला लावतो त्या क्लिपला रशियनमध्ये स्क्रेप्का म्हणतात ती याच कुळातली. लोकांनी लगेच थट्टा सुरू केली आणि त्या थट्टेत मूळ वाक्य हरवलं, कारण कमतरता कशाची तर दया, सहानुभूती, एकमेकांना आधार, मदत, अशी यादी होती. या यादीतून कशावर बंदी घालावी असं काय निघतं सांगा!

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की त्याच वर्षी जुलैत दक्षिणेतल्या क्रिम्स्क गावात रात्री पूर आला, दीडशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा मॉस्कोत वोरोब्योवी टेकडीवर अनोळखी लोक पाणी, ब्लँकेटं, औषधं घेऊन रांगा लावून उभे होते, कोणी बोलावलं नव्हतं. २०१० च्या वणव्यांतही हेच झालं होतं. म्हणजे पकड होती, फक्त ती वरून लावलेली नव्हती. त्याच जुलैत परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांना 'परदेशी एजंट' ठरवणारा कायदाही आला.

पुढे मूल्यांच्या नावाने सगळं भराभर झालं. २०१३ मध्ये अल्पवयीनांसमोर समलिंगी संबंधांच्या 'प्रचारा'वर बंदी, २०२० च्या घटनादुरुस्तीत लग्न म्हणजे स्त्री-पुरुषाचंच, नोव्हेंबर २०२२ च्या हुकुमात मूल्यांची अधिकृत यादी (त्यात 'मानवी हक्क' आहे, 'दया'ही आहे, आणि युक्रेनशी युद्ध सुरू होऊन जवळपास नऊ महिने झाले होते), पुढच्याच महिन्यात प्रचारबंदी सगळ्या वयांना लागू, २०२४ मध्ये मूल नको म्हणण्याच्या प्रचारावरही बंदी. सप्टेंबर २०२२ पासून शाळेत दर सोमवारी पहिला तास 'महत्त्वाच्या गोष्टींचा'.

वरून न लावलेल्या पकडीचं आणखी एक उदाहरण: सायबेरियातल्या तोम्स्क शहरात २०१२ च्या ९ मे ला, म्हणजे विजयदिनी, काही स्थानिक पत्रकारांनी साधी गोष्ट सुरू केली होती, दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आजोबा-पणजोबांचे फोटो घेऊन चालायचं, पक्षाचं चिन्ह नाही, नेत्याचा फोटो नाही. दोन-तीन वर्षांत ती देशभर गेली, मग सरकारी झाली, राष्ट्राध्यक्ष वडिलांचा फोटो घेऊन पुढे चालले. २०२३ मध्ये सुरक्षेचं कारण देऊन मोर्चाच रद्द केला आणि लोकांना सांगितलं, फोटो गाडीच्या काचेला लावा.