टोस्टिंग आणि रॅप : माईक एक, परंपरा दोन

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, म्हणजे यूसीएलएच्या आवारात मे महिन्याच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या सुट्टीला जोडून, विद्यार्थी अनेक वर्षे ‘जॅझरेगे’ नावाचा महोत्सव भरवत आले. नाव तसे असले तरी त्याचा एक दिवस, ‘जॅम डे’, मुख्यतः हिप हॉप आणि सोल संगीताला दिलेला असे आणि दुसरा, ‘रेगे डे’, जमैकाच्या संगीताला. मैदान तेच, मंच तोच आणि श्रोतेही बरेचसे तेच. वरवर पाहता दृश्यही सारखेच असते. हातात माईक घेतलेला एक कलाकार, त्याच्यामागे वाजणारे संगीत, आणि गाणे म्हणावे की बोलणे असा प्रश्न पडावा अशी यमकांनी बांधलेली लयदार वाणी. पहिल्या दिवशी जे ऐकू येते ते रॅप. दुसऱ्या दिवशी गायनाच्या अधेमधे जे ऐकू येते ते टोस्टिंग. या दोहोंना एकाच नावाने ओळखणारा श्रोता आनंद घेत नाही असे नाही, पण एकात जे शोधायचे ते तो दुसऱ्यात शोधत राहतो आणि निम्मी मैफल त्याच्या हातून निसटते.

टोस्टिंगचा जन्म जमैकाची राजधानी किंग्स्टन इथल्या साउंड सिस्टीमवर झाला. १९५० च्या दशकात वाद्यवृंद बोलावणे सामान्यांना परवडत नसे, त्यामुळे उघड्या आवारात प्रचंड स्पीकर उभे करून तबकड्या वाजवल्या जात आणि लोक त्यावर रात्रभर नाचत. दोन तबकड्यांमधली शांतता भरून काढण्यासाठी आणि नाचणाऱ्यांना चेतवण्यासाठी माईकवरचा माणूस बोलू लागला. काउंट मचुकी हे त्यांतले आद्य नाव. जमैकात तबकड्या लावणाऱ्याला ‘सिलेक्टर’ म्हणतात आणि बोलणाऱ्याला ‘डीजे’, तर अमेरिकेत तबकड्या लावणारा तो डीजे आणि बोलणारा तो एमसी. पोस्टरवरची नावे वाचताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

या बोलण्याला स्वतंत्र कलेचे स्थान मिळवून दिले ते यू-रॉय यांनी. किंग टबी हे ध्वनितंत्रज्ञ जुन्या गाण्यांतला गायकाचा आवाज अधूनमधून काढून टाकत आणि नुसते ड्रम व बेस मोकळे ठेवत. त्या मोकळ्या जागांत यू-रॉय बोलू लागले. १९७० साली निर्माते ड्यूक रीड यांच्यासाठी त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या तबकड्या जमैकात कमालीच्या लोकप्रिय झाल्या. पॅरागॉन्स या गायकवृंदाच्या एका प्रेमगीतावर त्यांनी जे केले ते नीट ऐकण्यासारखे आहे. मूळ गायकांची ओळ येते, ती पूर्ण विरण्याआधीच यू-रॉय तिला उत्तर देतात, पुढची ओळ येईपर्यंत आनंदाने आरोळी ठोकतात आणि गायक परतले की बाजूला होतात. मूळ गाणे पुसले जात नाही. ते समोर असते आणि टोस्टर त्याच्याशी बोलत असतो.

रॅपची नोंद सहसा ११ ऑगस्ट १९७३ पासून केली जाते. त्या रात्री न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात, सिंडी कॅम्पबेल यांनी ठेवलेल्या पार्टीत त्यांचे बंधू कूल हर्क यांनी तबकड्या वाजवल्या. हर्क मूळचे किंग्स्टनचे आणि लहानपणीच न्यूयॉर्कला आलेले, म्हणून टोस्टिंगमधूनच रॅप निघाले असे बिनदिक्कत सांगितले जाते. खुद्द हर्क यांनी मात्र हा थेट वारसा नाकारला होता. ब्राँक्समधल्या लोकांनी रेगे ऐकून घेतले नसते, प्रेरणा अमेरिकी सोल-फंक गायक जेम्स ब्राऊन यांची होती, असे त्यांचे म्हणणे. मला ते निम्मे पटते. शब्दांची रीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून आली हे खरे, पण अंगावर येणारे स्पीकर, आवाजाला दिलेला प्रतिध्वनी आणि तबकडी वाजवणाऱ्याभोवती उभा राहणारा उत्सव यांवर किंग्स्टनची छाप स्पष्ट आहे. शिवाय मचुकी यांच्या पिढीने अमेरिकी रेडिओ निवेदकांची चटपटीत भाषा न्यू ऑर्लिन्स आणि मायामीहून येणाऱ्या लहरींवर ऐकून आत्मसात केली होती, त्यामुळे ही देवाणघेवाण एकाच दिशेने झालेली नाही.

फरकाचे मर्म मालकीत आहे. जमैकात संगीताच्या पायाला, म्हणजे ठरावीक बेस आणि ड्रमच्या चौकटीला, ‘रिडिम’ म्हणतात आणि ती कोणा एकाची राहत नाही. किंग्स्टनच्या स्टुडिओ वन या ध्वनिमुद्रण स्टुडिओत १९६७ साली तयार झालेल्या ‘रिअल रॉक’ या रिडिमवर आजवर शेकडो कलाकार गायले-बोलले आहेत आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. उलट रिडिम सुरू होताच श्रोते ती ओळखतात आणि आता हा तिच्यावर काय करतो याची वाट पाहतात. हिप हॉपही जुन्या तबकड्यांतून उसने घेते. जेम्स ब्राऊन यांचे ड्रमवादक क्लाइड स्टबलफिल्ड यांचे काही सेकंदांचे वादन किती गाण्यांत आले आहे याची गणती नाही. परंतु तो तुकडा कापून, पुनःपुन्हा जोडून त्या एका गाण्याच्या ओळखीचा भाग केला जातो आणि रॅपरची पत ठरते ती त्याच्या स्वतःच्या शब्दांवर. दुसऱ्याची ओळ उचलणे, ज्याला तिथे ‘बाइटिंग’ म्हणतात, हा मोठा कलंक मानला जातो. टोस्टर मात्र पूर्वसुरींचे उद्गार उघडपणे वापरतो आणि श्रोत्यांना ते पूर्वजांचे स्मरण वाटते.

ठेक्यातला फरक कानाला लवकर कळतो. हिप हॉपच्या सर्वपरिचित ठेक्यात पहिल्या मात्रेवर किक ड्रमचा ठोका दणकून पडतो आणि दुसऱ्या-चौथ्यावर स्नेअर. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात पहिली मात्रा ड्रमवादक चक्क सोडून देतो, भार तिसऱ्या मात्रेवर येतो आणि गिटार दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर तुटक वाजते. समेची वाट पाहण्याची सवय असलेल्या आपल्या कानाला ही रिकामी पहिली मात्रा आरंभी चुकल्यासारखी वाटते. बॉब मार्ली यांच्या वेलर्स या वाद्यवृंदाचे ड्रमवादक कार्लटन बॅरेट यांनी तिला जगभर नेले. रॅपर ठोक्याला धरून शब्दांची दाटी करतो, तर टोस्टर त्या रिकामेपणात ओळ टाकतो आणि पुष्कळदा नुसता थांबतो.

मंचावर तबकडी हाताने मागे फिरवली जाते तेव्हाही घोटाळा होतो. ब्राँक्सचे हिप हॉप डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश यांनी तबकडीवर खुणा करून ती नेमकी मागे आणण्याचे तंत्र बसवले, ते ड्रमचा छोटा तुकडा दोन प्रतींवर आलटून-पालटून लांबवण्यासाठी. नाचणाऱ्यांना खंड जाणवताच कामा नये. जमैकन पद्धतीत सिलेक्टर मागे फिरवतो ते खंड पडावा म्हणूनच. श्रोत्यांनी शिट्ट्या आणि आरोळ्यांनी गाणे डोक्यावर घेतले की ते पहिल्यापासून लावले जाते आणि याला ‘पुल-अप’ म्हणतात. यंत्र बिघडले असे समजून वैतागण्याचे कारण नाही, कलाकाराला मिळणारी ती सर्वोच्च दाद आहे.

साहजिकच तयारीही वेगळी करावी. रॅपच्या दिवसासाठी कलाकाराचे शब्द आधी वाचून जावे, कारण उघड्या मैदानावर निम्मे शब्द हवेत विरतात आणि ओळींची शेवटे बहुधा सोबतचा साथीदार म्हणतो, मुख्य कलाकार तेवढ्यात श्वास घेतो. रेगेच्या दिवसासाठी जुनी मूळ गाणी ऐकून जावे. जमैकन पाटवा बोली कळली नाही तरी चालेल, रिडिम ओळखता आली पाहिजे. दोन्ही दिवशी ध्वनिनियंत्रणाच्या टेबलाजवळची जागा उत्तम, कारण संगीताचा तोल तिथे बसून साधला जातो.

आपल्याकडे हा गोंधळ १९९० च्या दशकापासून आहे. बाबा सेहगल आणि अपाचे इंडियन साधारण एकाच सुमारास टीव्हीवर आले आणि दोघांनाही सरसकट रॅपर म्हटले गेले. सेहगल यांचे रॅपच होते, पण अपाचे इंडियन बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात जमैकन शेजारात वाढलेले, आणि त्यांची रीत पंजाबी शब्द घेऊनही अस्सल डान्सहॉल, म्हणजे रेगेतून निघालेल्या नाचाच्या जमैकन संगीतातल्या, डीजेची होती. त्या वेळेपर्यंत जमैकातच ठेका बदलला होता. १९८५ साली जमैकन निर्माते किंग जॅमी यांनी कॅसिओच्या छोट्या कीबोर्डमधल्या तयार तालावर ‘स्लेंग टेंग’ रिडिम उभी केली आणि डान्सहॉल संगणकीय झाले. म्हणून नवे डान्सहॉल ऐकताना वन ड्रॉपची कसोटी पुरत नाही. तिथे पाहायचे ते एवढेच, की हीच रिडिम पुढच्या कलाकाराने उचलली तर श्रोते नाक मुरडतात की आनंदाने ओरडतात.