गच्चीवरून दिसलेला ठिपका

आजी १९७१ च्या ब्लॅकआउटच्या गोष्टी सांगायची. काचांना काळे कागद, मोटारींचे दिवे अर्धे रंगवलेले, आणि गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गच्चीवर जमलेले बाप्ये. एका रात्री समुद्राच्या अंगाला कुणाला तरी उजेडाचा ठिपका दिसला. ‘हलतोय रे!’ दुसऱ्याला तो किनाऱ्याकडे सरकताना दिसला. सकाळी दुधाबरोबर बातमी खेतवाडीत पोचली : पाणबुडीतून माणसं उतरली! कंडी मुद्दाम कुणी पिकवलीच नव्हती.

ठिपका हलताना दिसला हे मात्र खरं असणार. करून बघा. खोलीत मिट्ट अंधार करा, लांबच्या कोपऱ्यात उदबत्ती लावा आणि तिच्या निखाऱ्याकडे एकटक बघत बसा. थोड्या वेळात तो डावीकडे सरकेल, वर चढेल, गिरकी घेईल. आपले डोळे कधीच पुरते स्थिर नसतात. एरवी भिंत, दार, खिडकी आजूबाजूला असल्याने मेंदू तो हिशेब जुळवतो. अंधारात असा आधार उरला नाही की डोळ्यांचं हलणं ठिपक्याच्या खात्यावर जमा होतं. याला ऑटोकायनेटिक इफेक्ट म्हणतात. ब्लॅकआउट म्हणजे शहराएवढी अंधारी खोलीच की!

मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी १९३५ मध्ये यावरच प्रयोग केला. ठिपका किती हलला, असं एकेकट्याला विचारलं तर प्रत्येकाचा आकडा वेगळा. चारचौघांत बसवलं की आकडे जवळ जवळ येत. गंमत पुढेच आहे : नंतर एकट्याला विचारलं तरी माणूस गटातलाच आकडा धरून बसे. गच्चीवर याहून वेगळं काय झालं असेल?

भीतीला थोडाफार आधारही लागतो. २३ फेब्रुवारी १९४२ ला जपानी पाणबुडीने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर खरोखर तोफा डागल्या. पुढच्याच रात्री लॉस एंजेलिसच्या तोफांनी आकाशात १४०० हून अधिक गोळे झाडले. शत्रूचं विमान एकही नव्हतं. इंग्लंडमध्ये शिंगल स्ट्रीट हे किनाऱ्यावरचं गाव १९४० मध्ये रिकामं केलं गेलं, आणि तिथे उतरलेले जर्मन पेटत्या समुद्रात जळाले ही दंतकथा पन्नास वर्षं टिकली. समुद्रावर तेल पेटवण्याचे प्रयोग ब्रिटिशांनी केले होते. जर्मन मात्र उतरलेच नव्हते.

मुंबईत माणसं खरोखर उतरली ती २६ नोव्हेंबर २००८ ला. कफ परेडची मच्छीमार वस्ती, रबरी होडी, पाठीवर सॅक. कोळ्यांनी त्यांना हटकलंही. शहर दिव्यांनी लखलखत होतं, आणि गच्चीवरून कुणालाच काही दिसलं नसतं.