गांधीलमाशी, विषाणू आणि मध: एक खुलासा

‘परदेशी गांधीलमाशी मधमाश्यांना विषाणू लावते, तो मध खाल्ला की माणूसही आजारी पडतो.’ कोल्हापुरात मध घेताना हे हमखास कानावर येतं. मधमाश्यांचे विषाणू माणसाला होत नाहीत. पाटगावचा (कोल्हापूर जिल्ह्यातलं मधासाठी ओळखलं जाणारं गाव) मध त्या भीतीने टाळू नका. (वर्षाखालच्या बाळाला मध नकोच, पण त्याचं कारण वेगळं.) फ्रान्समध्ये २००४ साली आढळलेली ती गांधीलमाशी मूळची आशियातली, म्हणजे परदेशी ती त्यांना! मधमाश्यांचे पंख वाकडे करणारा विषाणू तिच्यात सापडला खरा, पण ती मधमाश्या खातेच, तो त्यांच्यातूनच तिच्यात येत असावा. या विषाणूचा मुख्य वाहक व्हरोआ माइट, म्हणजे मधमाश्यांवर जगणारा बारीक परजीवी. आपल्या सातेरीला (पेटीत पाळतात ती देशी मधमाशी) खरा दणका दिला तो थाई सॅकब्रूड या अळ्यांना मारणाऱ्या विषाणूने: १९९०च्या दशकात दक्षिणेत पेट्याच्या पेट्या ओस पडल्या. तो पसरतो अळ्यांना भरवणाऱ्या कामकरी माश्यांमधून. गांधीलमाशी पेटीशी घिरट्या घालत असेल, तर पेटीचं दार अरुंद करा.