निंबोळी अर्क दोन दिवसांत का उतरतो, आणि नॅनो त्यात काय करतं

पुरंदरचे सीताफळवाले असोत, बारामती-इंदापूरकडचे डाळिंबवाले असोत नाहीतर नारायणगावचे द्राक्षवाले, कडुनिंबाचा विषय काढला की बहुतेकजण एकच सांगतात, फवारलं तेव्हा बरं वाटलं, दोन-चार दिवस कीड गप्प होती आणि मग परत होती तशी. त्यावरून निष्कर्ष काय निघतो तर सेंद्रिय वगैरे बोलायला ठीक आहे, शेवटी केमिकलच मारावं लागतं. तक्रार शंभर टक्के खरी आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही, कारण कडुनिंबात ताकद नाही असं अजिबात नाहीये, ती ताकद किडीपर्यंत पोचायच्या आणि काम करायच्या आधीच उन्हात संपते. खरा प्रॉब्लेम तिथे आहे आणि नॅनोटेक्नॉलॉजीवाले नेमकं त्याच्याच मागे लागलेत.

निंबोळीतला मुख्य पदार्थ म्हणजे अझाडिरॅक्टिन. 1968 साली इंग्लंडमध्ये तो पहिल्यांदा वेगळा काढला गेला, त्याची रचना नक्की कशी आहे हे कळायला 1985 उजाडलं, आणि प्रयोगशाळेत तो पूर्णपणे बनवायला केंब्रिजच्या केमिस्ट लोकांना 2007 पर्यंत झटावं लागलं. 35 कार्बन, 44 हायड्रोजन, 16 ऑक्सिजन असा प्रचंड गुंतागुंतीचा रेणू आहे हा, आणि आपल्या बांधावरचं झाड तो दरवर्षी फुकट बनवतं, याचं मला खरंच अप्रूप वाटतं. हा पदार्थ किडीला जागेवर मारत नाही. अळीची खायची इच्छा जाते, कात टाकायला लागणाऱ्या हार्मोनचा गोंधळ होतो म्हणून ती पुढच्या अवस्थेत नीट जाऊ शकत नाही, बऱ्याच किडींची अंडी घालणंही कमी होतं. म्हणजे याला वेळ लागतो, आणि वेळच त्याच्याकडे नसतो, कारण उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेट किरणांनी हा रेणू लवकर तुटतो, काही दिवसांतच निकामी व्हायला लागतो, आणि फवारणीचं पाणी अल्कधर्मी असेल तर त्याआधीच. संध्याकाळी फवारा असं सांगतात ते यासाठीच.

दुसरी अडचण पंपात डोकावलं की दिसते. नीम तेलाची बाटली पाण्यात ओतली की दुधासारखं पांढरं होतं, छान मिसळलं असं वाटतं, पण पंप जरा वेळ तसाच ठेवला की वर तेलाचा तवंग, म्हणजे पहिल्या ओळीतल्या झाडांना एक डोस आणि शेवटच्या ओळीला दुसराच. आता सीताफळावरचा पिठ्या ढेकूण बघा. फळाच्या दोन डोळ्यांमधल्या खाचेत हा बसलेला असतो, अंगावर पांढरी मेणाची भुकटी, त्याच्या चिकट गोड स्रावासाठी मुंग्या मागेपुढे फिरत असतात आणि त्याच स्रावावर काळी बुरशी वाढते, म्हणून फळ काळं पडून मार्केट यार्डात त्याला भाव मिळत नाही. जाडजूड थेंब त्या खाचेत उतरतच नाही, वरच्या वर ओघळून खाली जातो. औषध कितीही चांगलं असू दे, खाचेत नाही गेलं तर उपयोग शून्य.

इथे नॅनो येतं. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, आपला केस साधारण 80 हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. साध्या मिश्रणातले तेलाचे थेंब काही मायक्रॉनचे असतात (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर), नॅनोइमल्शनमध्ये ते साधारण 20 ते 200 नॅनोमीटरवर आणतात, त्यासाठी खूप दाबाने बारीक फटीतून ढकलतात किंवा अल्ट्रासाउंडने फोडतात आणि थेंब परत एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पॉलिसॉर्बेटसारखा इमल्सिफायर घालतात. 5 मायक्रॉनचा एक थेंब 100 नॅनोमीटरच्या थेंबांत फोडला तर सव्वा लाख थेंब होतात, तेल तेवढंच पण पृष्ठभाग 50 पट. खडीसाखरेची पिठीसाखर केल्यावर ती पटकन विरघळते, तसाच हा हिशोब. किडीच्या मेणाला आणि पानाला जास्त ठिकाणी स्पर्श होतो, खाचेत शिरायला वाव मिळतो आणि तवंग लवकर धरत नाही. थेंब अगदी बारीक असले तर पांढरं न होता जवळजवळ पारदर्शक पाणी दिसतं, कारण ते प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान झालेले असतात. काम अवघडही आहे, बारीक थेंबांतलं तेल हळूहळू मोठ्या थेंबांत जात राहतं आणि काही महिन्यांनी बाटलीत सगळं परत जाड होऊ शकतं, दुकानाच्या शेल्फवर एक उन्हाळा काढायचा म्हणजे मोठी परीक्षा असते.

फक्त बारीक करून उन्हाचा प्रश्न सुटत नाही, त्यासाठी रेणूभोवती कवच लागतं. कोळंबी-खेकड्याच्या टरफलांपासून मिळणारं कायटोसन यासाठी खूप वापरतात, त्यावर धन भार असतो त्यामुळे ते पानाला चिकटून राहायला मदत होते, आणि आतलं औषध एकदम न सुटता थोडं थोडं बाहेर येतं. मक्यातल्या झीन नावाच्या प्रोटीनची कवचं करतात, झाडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनची पण करतात, आणि लिग्निन मला विशेष आवडतं कारण ते स्वतःच अल्ट्राव्हायोलेट शोषतं आणि उसाच्या चोथ्यात ते भरपूर असतं, आपल्या पुणे जिल्ह्यात चोथ्याची काय कमी! 2019 मध्ये आययूपॅक या केमिस्ट्रीच्या जागतिक संस्थेने उदयाला येणाऱ्या दहा तंत्रज्ञानांची पहिली यादी काढली त्यात नॅनो कीटकनाशकं होती.

पण मला सगळ्यात पटलेलं उदाहरण फवारणीचं नाहीच, सापळ्याचं आहे. पेरू आणि आंब्यावरची फळमाशी, तिची मादी फळाच्या सालीला टोचून आत अंडी घालते, अळ्या आत गर खात बसतात, बाहेरून फवारून त्यांना काही होत नाही. 2014 मध्ये युरोपियन युनियनने आपला आंबा काही महिने बंद केला होता त्याचं कारण पण फळमाशीच. यावर उपाय म्हणजे मिथाइल युजेनॉल, काही प्रकारच्या तुळशीत सुद्धा सापडणारा वासाचा पदार्थ, याच्यावर नर माश्या अक्षरशः तुटून पडतात. सापळ्यात ते ठेवायचं, नर मरतात, माद्यांना जोडीदार मिळत नाहीत, पुढची पिढी घटते (काकडी-कारल्यावरच्या फळमाशीला हे चालत नाही, तिच्यासाठी क्यू ल्यूर नावाचं वेगळं आमिष घ्या, सापळा घेताना हे नक्की बघा). अडचण एवढीच की हे द्रव्य उन्हाळ्यात भराभर उडून जातं आणि सापळे सारखे भरत बसावे लागतात. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि तिथलीच शेतीतल्या कीटकांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था यांच्या संशोधकांनी 2013 मध्ये यावर फार सुंदर तोड काढली. त्यांनी द्रवात असे छोटे रेणू घातले जे आपोआप एकमेकांना धरून अतिशय बारीक तंतूंचं जाळं विणतात, आणि सगळं मिथाइल युजेनॉल त्या जाळ्यात अडकून जेल होतं. वास सुटतो पण हळू, फ्रीजशिवाय ने-आण करता येते, सापळा भरायच्या फेऱ्या कमी होतात, आणि पेरूसारख्या फळांवरच्या माशीविरुद्ध ते चांगलं चाललं. सापळ्यात असल्यामुळे फळाला काही लागतच नाही, मला यातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

कारण नैसर्गिक आहे म्हणजे निरुपद्रवी आहे असं कुणी समजू नये. याच मिथाइल युजेनॉलला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2023 मध्ये माणसाला बहुधा कॅन्सरकारक अशा 2ए गटात टाकलंय, सापळा भरताना हातमोजे घालाच. कडुनिंबाचं बघा, ते लवकर तुटतं ही त्याची कमजोरी तसाच फायदाही आहे, काढणी जवळ आल्यावर लोक ते वापरतात ते अवशेषांची भीती कमी म्हणूनच. युरोपला द्राक्ष पाठवायची तर ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम एवढीच सूट असते आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात यावर बारीक नजर असते. आता कवच घालून तेच औषध जास्त दिवस टिकवलं तर फळावर ते किती दिवस राहतं, मधमाशीला काय होतं, मातीतल्या जिवाणूंना काय होतं, हे सगळं नव्याने मोजायला हवं, जुना रिपोर्ट चालणार नाही. शेतीतल्या नॅनो उत्पादनांची तपासणी कशी करायची याच्या गाइडलाइन्स केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाने 2020 मध्ये काढल्यात. त्यामुळे बाटलीवर नुसतं नॅनो लिहिलेलं बघून पैसे देऊ नका, अझाडिरॅक्टिन किती पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग आहे (300 पासून 50,000 पर्यंत असतं, फरक प्रचंड आहे), नोंदणी क्रमांक आहे का, तुमच्या पिकाचं नाव लेबलवर आहे का, एवढं कृषी सेवा केंद्रात उभं राहून वाचा. आणि तोपर्यंत 5 किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून 100 लिटर पाण्यात केलेला ताजा अर्क, थोडा साबण घालून, फडक्यातून नीट गाळून, संध्याकाळी मारलेला, हा आजही चांगलाच उपाय आहे.

पुण्याजवळ करण्यासारखं एक काम मला सतत दिसतं ते सीताफळाच्या बियांचं. पल्पवाल्यांकडे बियांचे ढीग निघतात, त्या बियांत ॲसिटोजेनिन नावाचे पदार्थ असतात जे किडीच्या पेशींमधली ऊर्जा बनवायची यंत्रणाच बंद पाडतात, दहा झाडांच्या पाल्याच्या दशपर्णी अर्कात सीताफळाचा पाला घालतात तो काही उगाच नाही. ते पाण्यात विरघळत नाहीत म्हणून नॅनोइमल्शनसाठी एकदम योग्य उमेदवार आहेत. पण हीच बियांची पूड उवांसाठी लावताना डोळ्यांत गेली तर डोळ्यांना गंभीर इजा होते, आणि थेंब जितका बारीक तितकं फवारणाऱ्याच्या तोंडा-डोळ्यांवर येणारं धुकं कसं वागेल हे आधी तपासावं लागेल. बागेतल्या चाचण्यांच्या आधी ही चाचणी व्हायला हवी, कारण पंप पाठीवर घेऊन त्या धुक्यात चालणारा माणूस बहुतेक वेळा बिनचष्म्याचा, तोंडाला फक्त रुमाल बांधलेला असतो.