तव्यावरचा ‘चर्र’ आवाज काय सांगतो?

मांस आधी कडक आचेवर भाजलं की वरचे पापुद्रे बंद होतात आणि रस आत कोंडला जातो, असं नामांकित शेफही सांगत आले. हे खरं नाही.

ही समजूत रूढ केली जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी, 1847 साली. पुढे फ्रान्सचे ख्यातनाम शेफ ऑग्यूस्त एस्कॉफिए यांनीही ती उचलून धरली, मग शंका कोण घेणार? पण पुरावा तव्यावरच आहे. तो ‘चर्र’ आवाज म्हणजे बाहेर आलेल्या पाण्याची वाफ. दार बंद असतं, तर आवाज कसला आला असता?

रस जातो तो मुख्यतः आतलं तापमान वाढल्यामुळे: 60 अंश सेल्सिअसच्या पुढे तंतू आकसतात आणि पाणी पिळून निघतं. चीनमधल्या कँटनचे आचारी अख्खी कोंबडी जेमतेम हलणाऱ्या गरम पाण्यात शिजवतात. भाजणं नाहीच, तरी ती रसरशीत!

मग फ्रेंच शेफ आधी भाजतात ते चुकतं का? मुळीच नाही, चुकीचं आहे ते फक्त त्यामागे सांगितलं जाणारं कारण. खरपूस रंग आणि चव येते ती मेयार अभिक्रियेतून, म्हणजे उष्णतेमुळे प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर यांच्यात होणाऱ्या अभिक्रियेतून. लुई-कामिय मेयार यांनी तिचं वर्णन 1912 मध्ये केलं. भाजायचं ते चवीसाठी.