शब्द तोडायचा कुठे? मराठी शब्दखेळांची पार्श्वभूमी

आमरसाच्या पंगतीत एखाद्या पोराची वाटी कलंडली की आमची आजी फडके पुढे करून एवढेच म्हणत असे : ‘हापूस!’ आंब्याचे नाव घेतले की ‘हा पूस’ अशी आज्ञा केली, हे ठरवेपर्यंत रस सतरंजीपर्यंत पोहोचलेला असे. पोर्तुगिजांच्या ‘अफोन्सो’ या नावाचे मराठी तोंडात ‘हापूस’ झाले, आणि त्या परक्या शब्दाला एका पुणेरी स्वयंपाकघरात दोन अस्सल मराठी तुकडे पडले. शब्द भलतीकडे तोडून त्यातून दुसराच अर्थ काढण्याची ही खोड मराठीत फार जुनी आहे आणि तिचे मूळ बऱ्याच अंशी आपल्या लिहिण्याच्या पद्धतीत आहे.

जुन्या पोथ्यांत शब्दाशब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. मोडीत तर आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवीत जायचे, असा प्रघात होता. त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने ठरवायचे असे. शाळेत सभंग श्लेषाचे उदाहरण म्हणून हमखास येणारी ‘औषध नलगे मजला’ ही ओळ याच सवयीतून जन्मलेली आहे. ‘न लगे’ असे तोडले तर विरहाने पडलेली दमयंती औषध नको म्हणते. ‘नल गे’ असे तोडले तर नल हेच आपले औषध असल्याचे ती आईला सांगते. आई मात्र पहिलाच अर्थ घेऊन ‘बरे’ म्हणत मान डोलावते, म्हणजे श्लेष न कळलेला श्रोताही कवीने त्याच पद्यात आणून बसवला आहे. दोन शब्दांत जागा सोडून ही ओळ छापली की तिच्यातली गंमत तत्क्षणी मरते.

पंतकवींनी ही करामत टोकाला नेली. यमकांच्या हव्यासापायी वामनपंडितांना ‘यमक्या वामन’ असे नाव पडले. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) शंभरावर रामायणे रचली आणि त्यांतले एक निरोष्ठ, म्हणजे ओठ न मिटता म्हणता येईल असे, लिहिले. प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य केल्यावर ‘राम’ हा शब्दच रामायणातून हद्दपार होतो, हे लक्षात घेतले म्हणजे या हट्टाची कल्पना येते. मला स्वतःला ही रचना वाचण्यापेक्षा तिच्याविषयी सांगण्यात अधिक मौज वाटते, आणि तसे वाटणारा मी एकटाच नसावा.

पेशवाईतल्या पुण्यात मात्र शब्दांशी खेळणे नेहमीच करमणुकीचे नव्हते. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांना सावकारी पत्रातून कळली असे सांगतात : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ हे ते दोन मोती. पराभवाची बातमी सराफी हिशेबाच्या भाषेत गुंडाळणाऱ्या त्या पत्राइतके आटोपशीर मराठी क्वचितच सापडते. पुढे ‘विश्वास पानिपतात गेला’ ही कोटी लोकांनी केली आणि ती अजून चालते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, त्यामागे ‘धरावे’ या शब्दातल्या ‘ध’चा ‘मा’ करण्यात आल्याची कथा आनंदीबाईंच्या नावावर घातली जाते. कथेच्या खरेपणाबद्दल अभ्यासकांत मतभेद असले, तरी ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार भाषेत कायमचा बसला. एका अक्षराने माणूस मरू शकतो, यावर त्या काळच्या वाचणाऱ्यांचा विश्वास होता, एवढे तरी त्यातून दिसते.

ही मोकळीक छपाईने संपवली. मोल्सवर्थ यांनी टॉमस आणि जॉर्ज या कँडी बंधूंच्या साहाय्याने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली आली, तिच्यात सुमारे साठ हजार शब्द आहेत. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेशी संबंध असलेल्या टॉमस कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांवर पुस्तिका लिहून मराठी वाक्याला स्वल्पविराम आणि पूर्णविराम लावून दिले. शब्द सुटे झाले, वाक्ये सुटी झाली आणि श्लेषाला कागदावर लपायला जागा उरली नाही.

तेव्हा श्लेष कागदावरून उठला आणि रंगमंचावर गेला, असे माझे मत आहे. छापलेली मोकळी जागा डोळ्याला दिसते, कानाला ऐकू येत नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले आणि संगीत नाटकाचा जो काळ सुरू झाला, त्यात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी यांनी कोटीला संवादाचा कणाच बनवले. पुढे आचार्य अत्रे यांनी ती सभेच्या व्यासपीठावर नेली. ज्या पुणेरी पाट्यांचे एवढे कौतुक होते, त्यांत खरे तर कोटी कमी आणि शब्दांची काटकसर जास्त असते.

कोशकार त्याच वेळी शब्द दुसऱ्या कारणासाठी तोडत होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी नावे आणि धातू यांच्या व्युत्पत्ती आयुष्यभर गोळा केल्या, दाते आणि कर्वे यांनी पुण्यातून १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग काढले, कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ साली आला. व्युत्पत्ती आणि कोटी यांची कृती एकच असते, फरक फक्त पुराव्याचा. ‘फडणवीस’ हा शब्द फार्सी ‘फर्दनवीस’वरून आल्याचे सांगतात, पण मराठीत उसापासून तमाशापर्यंत सगळ्यांचा ‘फड’ आधीच असल्यामुळे ऐकणाऱ्याला त्यात फडच दिसतो. माधव ज्यूलियन यांनी १९२५ साली फार्सी-मराठी कोश केला आणि १९३८ साली भाषाशुद्धीचा विवेक सांगणारे पुस्तक लिहिले. आपल्याच जुन्या कवितांतले फार्सी शब्द त्यांनी नंतर बदलले. सावरकरांच्या नावावरचा ‘महापौर’ रुळला, फाउंटन पेनासाठीची ‘झरणी’ मात्र आटली.

शब्दकोडे हा या घराण्यात बाहेरून आलेला जावई. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले कोडे छापले. रोमन लिपीत एका चौकोनात एक अक्षर मावते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर यांच्यासह सगळा संसार एका चौकोनात बसवावा लागतो. ‘स्वातंत्र्य’ला तीनच घरे लागतात, पण ‘त्र्य’ला छेद देणारा उभा शब्द शोधता शोधता कोडेकाराची पेन्सिल झिजते. बक्षिसांच्या कोड्यांचे पुढे इतके पेव फुटले की १९५५ साली केंद्राला कायदा करून महिन्याचे बक्षीस एक हजार रुपयांच्या आणि प्रवेशिका दोन हजारांच्या आत ठेवाव्या लागल्या. १९५७ साली ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अशा स्पर्धा बव्हंशी जुगारच असल्याचे ठरले.

पुण्यातच डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ पासून संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम चालू आहे. डॉ. सु. मं. कत्रे यांनी ते सुरू केले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द उचलून कोटीच्या घरात चिठ्ठ्या तयार झाल्या. संस्कृतात संधी सोडवल्याशिवाय शब्द चिठ्ठीवर येतच नाही, म्हणून त्या प्रत्येक चिठ्ठीमागे कुणीतरी ओळ कुठे तोडायची हे ठरवलेले आहे. कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यानंतर निघालेल्या खंडांत अजून ‘अ’च चालू आहे.