चपटी पेलेट की गोल? दहा मीटरसाठी पहिली डबी घेताना

दहा मीटर एअर रायफल शिकू लागलेल्या मुलांचे आईवडील रायफल घेताना चार ठिकाणी चौकशी करतात, पेलेट, म्हणजे तिच्यातून झाडायची छोटी गोळी, मात्र दुकानदार देईल ती घेऊन येतात. मग रेंजवर मूल कागदाकडे बघत बसतं, कारण नऊ लागले की दहा तेच कळत नाही. नेमात खोट नसते, डबी चुकीची आलेली असते.

घोळ होणं साहजिक आहे. दोन्ही डब्यांवर ‘.१७७’ किंवा ‘४.५ मिमी’ लिहिलेलं असतं. दोन्ही पेलेट शिशाच्या, दोन्हींची कंबर बारीक आणि मागचा भाग पोकळ. त्या पोकळ घेराला स्कर्ट म्हणतात. फरक तोंडाचा. एकीचं तोंड कापून काढल्यासारखं सपाट, दुसरीचं घुमटासारखं गोल. इंग्रजी डबीवर पहिलीला ‘वॅडकटर’ किंवा ‘मॅच’ आणि दुसरीला ‘डोम’ लिहिलेलं दिसेल.

दहा मीटरवर चपटीच का, हे टार्गेट हातात घेतलं की समजतं. रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. त्याबाहेरचं नवाचं वर्तुळ ५.५ मिमीचं. पेलेट स्वतः साडेचार मिमीची, म्हणजे त्या ठिपक्याच्या नऊपट रुंद. त्यामुळे भोकाची कड ठिपक्याला नुसती टेकली तरी दहा मिळतात. कागदी टार्गेटवरचा सगळा हिशेब भोकाच्या कडेवर चालतो, आणि ती कड स्वच्छ ठेवते ती चपटी पेलेट. तिची धार कागद गोल कापून नेते. गोल डोकं आधी कागद ताणतं, मग फाडत आत शिरतं. मागे तंतू पुन्हा मिटतात आणि भोक लहान, फाटकं दिसतं. असं भोक समोर असेल तर नऊ की दहा हे प्रशिक्षकालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

गंमत म्हणजे चपटीच वापरा असं आयएसएसएफचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा, नियम म्हणत नाही. कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ४.५ मिमी आणि पेलेट शिशाची किंवा तशाच मऊ पदार्थाची, एवढीच अट. आकार कोणताही चालतो. तरीही ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत ज्या प्रकारात जगज्जेता झाला, त्या दहा मीटर एअर रायफलच्या कुठल्याही मोठ्या स्पर्धेत डब्या उघडून पाहा, चपट्याच दिसतील.

मग गोल पेलेट वाईट का? मुळीच नाही. पेलेट हवेत सरळ राहते ती शटलकॉकसारखी, मागचा हलका भाग हवेच्या रोधामुळे मागेच राहतो म्हणून. सपाट तोंडाला हवा जास्त अडवते, वेग लवकर उतरतो आणि पंचवीस-तीस मीटरच्या पुढे चपटी पेलेट भरकटू लागते. तिथे गोल डोक्याचीच हवी. फील्ड टार्गेट हा लांब अंतराचा खेळ तिच्यावरच चालतो. दहा मीटरवर तिच्या या गुणाचा काही उपयोग नाही, इतकंच.

दुकानात टोकदार पेलेटही पुढे केली जाते, ‘जोरात जाते’ म्हणून. ती घेऊ नका. मॅच रायफलची, म्हणजे स्पर्धेच्या रायफलची, पेलेट सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जाते आणि दहा मीटरला तेवढा वेग पुरतो. शिवाय ते टोक बरोबर मध्यावर नसेल, तर पेलेट डळमळत जाते.

चपटी ठरली की डबीवर वजन पाहा. रायफलसाठी ०.५३ ग्रॅमच्या आसपासची, पिस्तुलासाठी त्याहून हलकी, ०.४५ ग्रॅमपासूनची मिळते. क्लबच्या साध्या स्प्रिंग रायफलीत हलकी चपटीही छान चालते. पण एकदा घेतलेली जात सरावात बदलू नका; वजन बदललं की मार बसण्याची जागा सरकते, आणि मूल उगाच नेम धरायची साईट फिरवत बसतं.

काही डब्यांवर ४.४९, ४.५० असे आकडे असतात. तो डोक्याचा व्यास. वरच्या पातळीवरचे नेमबाज रायफल शिकंज्यात बांधून कोणती बॅच आपल्या नळीला मानवते ते तपासतात. पहिल्या वर्षी त्यात पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. उभं राहणं आणि ट्रिगर जमेपर्यंत तो फरक टार्गेटवर दिसतच नाही.

त्यापेक्षा डबी जपा. स्कर्टची कड इतकी पातळ असते की डबी फरशीवर पडली तर पेलेट चेपतात. चेपलेली बाजूला काढा, नळीत घालू नका. आणि शिसं विषारी आहे. पेलेट तोंडात धरायची नाही, रेंजवर खायचं नाही आणि सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊच्या डब्याला हात लावायचा नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.